लष्करी गेमसाठी काल्पनिक रायफल कशी घडवायची: काडतुसापासून स्क्रीनपर्यंत

नव्याने शिकणारे बहुतेक जण बंदुकीची बाहेरची रेषा आधी काढतात. आकार झकास जमतो. मग त्यात मॅगझिन, बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग), खांद्याला टेकणारा दस्ता बसवायला घेतात आणि काहीच मावत नाही. वास्तववादी लष्करी गेम खेळणारा माणूस तासन्‌तास बंदुकीच्या मागून जग बघत असतो. बोल्टला मागे जायला जागाच नाही हे त्याला कदाचित नेमकं सांगता येणार नाही, पण बंदूक खोटी आहे हे जाणवतंच. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी काडतूस, मग त्याला लागणारी जागा, मग यंत्रणा आणि बाहेरचं रूप सगळ्यात शेवटी.

या लेखातली मापं मॉडेल पटण्याजोगं व्हावं एवढ्यासाठीच आहेत. उदाहरण म्हणून एकच शस्त्र शेवटपर्यंत घेऊ: एका काल्पनिक किनारी देशाच्या तटरक्षक दलाची, सरकारी कारखान्यात बनलेली, 1980 च्या दशकातली कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल.

आधी शस्त्राची कुंडली

ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका पानावर लिहून काढा: कोणी बनवलं, कधी, कोणत्या यंत्रांवर, कोणासाठी, आणि नंतर त्यात काय बदललं. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो. पत्रा दाबून बनवलेल्या बॉडीवर वळलेल्या कडा, ताकदीसाठी काढलेले उभे फुगवटे, रिव्हेट आणि स्पॉट वेल्डचे गोल ठसे दिसतात. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंग केलेल्या बॉडीच्या आतल्या कोपऱ्यांना कटरच्या व्यासाची गोलाई येते. साच्यातल्या प्लास्टिकवर मधोमध जोडरेषा असते. एकाच बॉडीवर या तिन्ही खुणा कारण नसताना आल्या की जाणकार लगेच ओळखतो.

खरी शस्त्रंही उसनवारीतून घडतात, तेव्हा उसनं घ्यायला लाजू नका. आपल्या इन्सास रायफलमध्ये एके-47 च्या घराण्याची फिरत्या बोल्टची, गॅस पिस्टनची यंत्रणा आहे, गॅस रेग्युलेटर बेल्जियमच्या एफएएल रायफलच्या धर्तीचा आहे, कॉकिंग हँडल डाव्या बाजूला पुढे आहे आणि मॅगझिन 20 गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. प्रत्येक उसनवारीमागे एक गरज होती. तुमच्या काल्पनिक कारखान्यालाही तशी गरज द्या. आपल्या कार्बाइनच्या बाबतीत ती गरज म्हणजे खारी हवा: म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची, पुढची मूठ पॉलिमरची, आणि बोल्ट व नळी तेवढी पोलादाची.

संदर्भ कुठून आणायचा

मुंबईत कोणी आधुनिक रायफल हातात देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रदालनात जुनी शस्त्रं आणि चिलखतं आहेत. तिथे शस्त्राची चित्रं काढण्यापेक्षा धातू बघा: लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथली फट, वर्षानुवर्षांच्या हाताळणीने बोथट झालेल्या कडा. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर स्प्रिंग, पिन, ॲलन बोल्ट, सर्क्लिप हवे तेवढे मिळतात. मूठभर घ्या आणि व्हर्नियरने मोजा. 5 मिमीच्या पिनचं डोकं किती उठतं आणि त्याची कड किती मारलेली असते हे एकदा मोजलं की अंदाजाने काढायची सवय सुटते. कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या लेथवाल्याकडे कच्च्या, नुकत्याच मिलिंग झालेल्या आणि ब्लॅकनिंग केलेल्या अशा तीन तुकड्यांचे एकाच उजेडात फोटो काढा. टेक्स्चर करताना हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात.

हुबेहूब दिसणारी खेळण्यातली बंदूक घेऊन रस्त्यावर, गच्चीवर किंवा स्टेशनात फोटो काढायला जाऊ नका. लोक घाबरतात, पोलीस येतात, आणि त्यांचं येणं योग्यच असतं. असे फोटो बंद खोलीत काढा.

काडतूस आणि त्याची जागा

इथे घाई करू नका. खऱ्या काडतुसांची मापं समोर ठेवा. 5.56×45 ची एकूण लांबी 57.4 मिमी आणि बुडाचा व्यास 9.6 मिमी. 7.62×51 ची लांबी 71.1 मिमी, बूड 12 मिमी. 7.62×39 ची लांबी 56 मिमी आणि बूड साधारण 11.35 मिमी. तुमचं काडतूस यांच्या दरम्यान कुठेतरी बसवा. आपण 57 मिमी लांब आणि 10.5 मिमी बुडाचं धरू. त्यातून उडणारी गोळी 6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 800 मीटर.

मॅगझिनमध्ये गोळ्या नागमोडी दोन रांगांत बसतात. एकमेकींना टेकून बसलेल्या गोळ्यांसाठी आतली रुंदी व्यासाच्या सुमारे 1.87 पट लागते आणि प्रत्येक गोळीमागे उंची व्यासाच्या निम्म्याने वाढते. आपल्या 25 गोळ्यांसाठी 25 × 5.25, म्हणजे 131 मिमी. स्प्रिंग, त्यावरची पट्टी आणि तळ यांचे 35 मिमी धरले की मॅगझिन 166 मिमी. आतली रुंदी 19.6, आणि भिंती धरून बाहेरून 22 ते 23 मिमी. हाच हिशेब 5.56 च्या 30 गोळ्यांना लावला तर 144 अधिक 35, म्हणजे 179 मिमी येतात, आणि खरं मॅगझिन साधारण तेवढंच भरतं. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये 30 गोळ्या लिहिलेलं मॅगझिन मोजलं की जेमतेम 18 गोळ्यांचं निघतं.

मॅगझिनचा बाक शोभेसाठी नसतो. काडतूस बुडाशी जाड आणि पुढे निमुळतं असतं, ती एकावर एक रचली की रांग आपोआप पुढे वळते. 7.62×39 जास्त निमुळतं, म्हणून त्याच्या मॅगझिनला बाक जास्त. काडतूस जवळपास सरळ ठेवलं असेल तर मॅगझिनही जवळपास सरळच ठेवा.

आता बोल्ट. नवीन गोळी उचलायची तर बोल्टला काडतुसाच्या लांबीपेक्षा थोडं जास्तच मागे जावं लागतं. आपल्या शस्त्रात ही चाल 70 मिमी धरू. याचा अर्थ बोल्टच्या मागे तेवढी मोकळी जागा हवी आणि परतीच्या स्प्रिंगची जागा वेगळी. ही स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत ठेवली तर दस्ता दुमडता येत नाही. दुमडणारा दस्ता हवा असेल तर स्प्रिंग बॉडीतच बसवा आणि बॉडी मागे लांबवा. नवोदितांच्या पोर्टफोलिओंमध्ये वारंवार दिसणारी चूक ती हीच: बफर ट्यूबवर, म्हणजे स्प्रिंगच्या त्या नळीवर, बिजागर. ट्रिगरच्या मागे मॅगझिन असलेल्या बुलपपमध्ये ही जागा आणखी आखडते. तिथे बोल्टची चाल आधी आखा, गालाची जागा नंतर.

पुंगळी बाहेर पडायची खिडकी निदान काडतुसाच्या पूर्ण लांबीची हवी, कारण न उडालेली गोळीही त्यातूनच काढावी लागते. आपण 62 मिमी ठेवू. कॉकिंग हँडलची खाच बोल्टच्या चालीइतकी, म्हणजे 70 मिमी. खाच आणि चाल यांच्या लांब्या जुळल्या नाहीत की ॲनिमेशनमध्ये हँडल पत्र्यातून आरपार जाताना दिसतं.

माणसाच्या मापाने

दृश्यात 170 सेंमी उंचीचा पुतळा उभा करा आणि बंदूक त्याच्या हातात द्या. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत 330 ते 350 मिमी. मुठीच्या मागच्या कडेपासून ट्रिगरपर्यंत साधारण 70 मिमी. हातमोजा घातलेलं बोट गार्डमध्ये शिरलं पाहिजे. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असेल तर नेमबाजाचा डोळा नळीच्या बराच वर येतो, म्हणून निशाण्याची माशी आणि मागची फटही उंच हवी, नळीच्या मध्यापासून सुमारे 65 मिमी. दस्ता खाली उतरता असेल तर माशी बुटकी चालते. सरळ दस्ता आणि बुटकी माशी एकत्र आली की खेळाडूचा गाल दस्त्यात घुसल्यासारखा दिसतो.

दुर्बीण बसवायची पट्टी मनाने काढू नका. पिकॅटिनी पट्टीचं माप ठरलेलं आहे: रुंदी 21.2 मिमी, खाचेची रुंदी 5.23 मिमी, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत 10.01 मिमी. डोळ्याला या पट्टीची सवय झालेली असते, त्यामुळे ती चुकली की सगळ्या बंदुकीचं माप चुकल्यासारखं वाटतं. आपली कार्बाइन मात्र 1980 च्या दशकातली आहे आणि हे अमेरिकी मानक 1995 चं. म्हणून पट्टी मूळ बॉडीत दाखवू नका. नंतर स्क्रूने जोडलेली, किंचित वेगळ्या काळ्या रंगाची दाखवा. शस्त्राचा इतिहास एवढ्या एका भागातून दिसतो.

मॉडेल

आधी साध्या ठोकळ्यांचं मॉडेल करा आणि ते तसंच गेममध्ये टाका. कॅमेऱ्यासमोर धरून बघा, निशाणा साधून बघा. या टप्प्यावर बदल दहा मिनिटांत होतो, टेक्स्चरनंतर तोच बदल आठवडा खातो. ब्लेंडर आणि युनिटी हे गेम इंजिन मीटरमध्ये मोजतात, अनरियल हे दुसरं इंजिन सेंटिमीटरमध्ये. इंजिनकडे पहिलीच एफबीएक्स (थ्रीडी मॉडेलची) फाइल पाठवताना बंदूक शंभरपट मोठी किंवा लहान आली तर कारण बहुधा हेच. पाठवण्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करा, नाहीतर ॲनिमेशनची हाडं (भाग हलवणारे अदृश्य सांधे) जोडल्यावर बोल्ट तिरका सरकतो.

हाय-पॉलीमध्ये, म्हणजे बारीक तपशिलांच्या मॉडेलमध्ये, कडा खऱ्यापेक्षा रुंद ठेवा. खऱ्या बॉडीची कड 0.3 मिमी असली तरी स्क्रीनवर ती नाहीशी होते. 1 ते 1.5 मिमी गोलाई दिली की उजेड तिच्यावर पकडला जातो. लो-पॉलीसाठी, म्हणजे गेममध्ये चालणाऱ्या हलक्या मॉडेलसाठी, पीसीवर जवळून दिसणाऱ्या पहिल्या पातळीला 25 ते 30 हजार त्रिकोण पुरतात, मोबाइलला 8 ते 10 हजार. मॅगझिनमध्ये सगळ्या गोळ्या बसवू नका, वरच्या दोन पुरेत. अर्धपारदर्शक मॅगझिन केलंत तर मात्र गोळ्या दाखवाव्या लागतील आणि त्या संपतानाही दिसाव्या लागतील. हे काम सुंदर दिसतं, पण प्रोग्रामरला विचारूनच घ्या.

उजव्या हाताच्या खेळाडूला बंदुकीची डावी बाजू, वरचा भाग आणि मागचं टोक दिसतं. यूव्हीमध्ये, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून केलेल्या सपाट नकाशात, मागचं टोक, निशाणी आणि बोल्टला दीड ते दोन पट जागा द्या, नळीच्या टोकाला कमी. दोन्ही बाजू एकाच यूव्हीवर आरशासारख्या ठेवल्या तर जागा वाचते, पण अक्षरं उलटी येतात. अनुक्रमांक, कारखान्याचा शिक्का, सिलेक्टरच्या खुणा जिथे आहेत तो भाग वेगळा सोडा. बाकीची आरसा-बाजू बेक करताना (हाय-पॉलीचा तपशील लो-पॉलीच्या मॅपमध्ये उतरवताना) एक एकक सरकवून ठेवा.

बेक बिघडतो तेव्हा

नॉर्मल मॅपवर, म्हणजे उठाव-खड्ड्यांचा भास देणाऱ्या चित्रावर, काळपट पट्टे आले तर आधी कडा तपासा: जिथे कड हार्ड (तीक्ष्ण) आहे तिथे यूव्ही फुटलेलीच हवी. सपाट भागावर तिरकी लाट दिसली तर बेक करताना आणि इंजिनमध्ये त्रिकोण वेगवेगळे पडले आहेत. बेकच्या आधीच मॉडेल त्रिकोणांत फोडा आणि तेच मॉडेल पुढे पाठवा. खड्डे उठावासारखे आणि उठाव खड्ड्यासारखे दिसले तर नॉर्मल मॅपची हिरवी चॅनेल उलटी आहे. अनरियलला डायरेक्टएक्स पद्धत लागते. युनिटी, गोडो आणि ब्लेंडरला ओपनजीएल. दूरून बघताना कडांवर पार्श्वभूमीचा रंग सांडत असेल तर यूव्हीच्या तुकड्यांमधलं अंतर कमी पडतंय. 2048 च्या मॅपवर निदान 8 पिक्सेल, 4096 वर 16.

झीज

झीज आपोआप टाकणारा मास्क लावला की सगळ्या कडा एकसारख्या घासलेल्या दिसतात. नवख्या कामाची ही पहिली ओळख. झिजेला कारण असतं. लोकलच्या दारातला मधला खांब बघा: छातीच्या उंचीवर हातांनी आरशासारखा झालेला, फूटभर खाली मात्र मळका आणि निस्तेज. बंदुकीवरही हात जिथे जातो तिथेच चकाकी येते.

आपल्या कार्बाइनवर मॅगझिन शिरायच्या तोंडाच्या कडा उघड्या पडतील. सिलेक्टरच्या टोकाने बॉडीवर बारीक कमान कोरलेली असेल. पट्ट्याची कडी जिथे आपटते तिथे छोटे खड्डे, आणि खिडकीच्या मागे पुंगळ्या आदळून पितळी डाग. पॉलिमरच्या मुठीवर खरबरीतपणा हाताने घासून कमी होतो, रंग तोच राहतो, फक्त रफनेस (खरबरीतपणाचा 0 ते 1 आकडा) 0.6 वरून 0.4 कडे येतो. फॉस्फेट केलेल्या पोलादाला 0.55 ते 0.7, घासून उघड्या पडलेल्या पोलादाला 0.3 च्या आसपास, या आकड्यांपासून सुरुवात करा.

मेटॅलिक मॅपमध्ये धातू 1, रंग आणि प्लास्टिक 0. मधल्या किमती फक्त सीमेवरच्या एक-दोन पिक्सेलमध्ये. आणि ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. खाऱ्या हवेत त्यावर पांढुरकी भुकटी आणि बारीक खड्डे येतात. तांबडा गंज फक्त पोलादी पिन, स्क्रू आणि नळीच्या उघड्या टोकाशी, पाणी साचतं तिथे. हा एक फरक नीट पाळला तरी किनाऱ्यावरचं शस्त्र डोळ्यांना पटतं.

हाडं, हात आणि कॅमेरा

मुख्य हाड पिस्तुली मुठीवर, जिथे अंगठा आणि तर्जनीचा काटकोन बसतो तिथे ठेवा. बोल्ट, मॅगझिन, ट्रिगर, सिलेक्टर आणि कॉकिंग हँडलला स्वतंत्र हाडं. नळीच्या टोकाशी, खिडकीशी आणि दुर्बिणीच्या जागी सॉकेट, म्हणजे इतर गोष्टी जोडायचे बिंदू. निशाणा साधताना बंदुकीचं मागचं टोक कापलेलं दिसलं तर कॅमेऱ्याची जवळची मर्यादा बघा. युनिटीत ती सुरुवातीला 0.3 मीटर असते, अनरियलमध्ये 10 सेंमी, आणि पहिल्या व्यक्तीच्या बंदुकीला दोन्ही जास्त आहेत.

रीलोडची दोन ॲनिमेशन लागतात. गोळी आत असताना फक्त मॅगझिन बदलायचं, सुमारे 2.1 सेकंद, आणि मोजणी 25 अधिक 1. पूर्ण रिकामं झाल्यावर बोल्टही ओढायचा, सुमारे 2.8 सेकंद. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागेच अडकतो की नाही हे कुंडलीतच ठरवा, कारण आवाज, ॲनिमेशन आणि खेळाडूला मिळणारा इशारा त्यावरच ठरतात. गोळ्यांचा आकडा मॅगझिन खटकन बसल्याच्या फ्रेमला बदला. ॲनिमेशन संपायची वाट बघितली तर मध्येच धावत सुटलेल्या खेळाडूचं बसलेलं मॅगझिन गायब होतं.

आकडे

मिनिटाला 650 गोळ्या म्हणजे दोन गोळ्यांत 92.3 मिलिसेकंद. 60 फ्रेमच्या स्क्रीनवर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे गोळी सहाव्या फ्रेमला सुटते, 100 मिलिसेकंदांनी, आणि वेग होतो 600. तोच कोड 144 हर्ट्झच्या स्क्रीनवर सुमारे 617 देतो. महागडा मॉनिटर असलेल्याची बंदूक जलद चालते. उपाय सोपा: प्रत्येक गोळीनंतर टायमर शून्यावर आणू नका, जास्तीचा वेळ पुढच्या गोळीत जमा करा.

खेळाडूचं आयुष्य 100 आणि गोळीची इजा 34 असेल तर तीन गोळ्या लागतात, म्हणजे पहिल्या गोळीपासून 185 मिलिसेकंद. इजा 33 केली की चार गोळ्या आणि 277 मिलिसेकंद. एका अंकाने शस्त्राचं सगळं गणित बदलतं, म्हणून इजा बदलताना नेहमी गोळ्यांची संख्या मोजा.

धक्क्यासाठी गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार तुलनेला पुरतो. 4 ग्रॅम आणि 900 मीटरच्या 5.56 चा 3.6 येतो, 9.5 ग्रॅम आणि 840 मीटरच्या 7.62×51 चा जवळपास 8, आणि आपला 4.8. म्हणजे आपली कार्बाइन 5.56 पेक्षा एक तृतीयांशाने जास्त उसळली पाहिजे, आणि वजन कमी असेल तर आणखी थोडी. कॅमेऱ्याला 0.6 अंश वर आणि मॉडेलला 12 ते 15 मिमी मागे, इथून सुरुवात करून हाताला पटेपर्यंत फिरवा.

800 मीटर वेगाची गोळी 60 फ्रेमला दर फ्रेमला 13 मीटर पुढे जाते. नुसती जागा बदललीत तर ती भिंत ओलांडून पलीकडे उगवेल, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या जागेमध्ये रेषा टाकून टक्कर तपासा. 300 मीटरवर हवेचा विरोध न धरता गोळी सुमारे 69 सेंमी खाली येते, विरोध धरला की आणखी. तेवढ्या अंतरावरून आवाज यायला 0.87 सेकंद लागतो आणि गोळी त्याच्या बरीच आधी पोचते. खेळाडूला आधी कानाजवळून गेलेल्या गोळीचा कडाका आणि मग लांबून धाड ऐकू आली, की अंतर आपोआप कळतं.

यंत्रणेचे आवाज घरी रेकॉर्ड करता येतात: लोखंडी कपाटाची मूठ, स्टेपलर, दाराची कडी. पहाटे, पंखा आणि फ्रिज बंद करून. तरीही विजेची 50 हर्ट्झची गुणगुण राहिली तर फिल्टरने काढा.

नाव आणि शिक्के

खऱ्या कंपनीचं नाव, बोधचिन्ह किंवा मॉडेल क्रमांक वापरू नका. हम्वी ही लष्करी गाडी बनवणाऱ्या एएम जनरलने ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीवर केलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2020 मध्ये गेम कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण तो तिथला निकाल आहे आणि लहान स्टुडिओला खटला लढणंच परवडत नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: अशोकस्तंभाचं चिन्ह बंदुकीवर कोरू नका. राजमुद्रेच्या गैरवापरावर 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या काल्पनिक कारखान्याचा स्वतःचा शिक्का बनवा, साल आणि पाच-सहा आकडी अनुक्रमांक द्या, आणि आकडे हाताने ठोकल्यासारखे किंचित वरखाली ठेवा.

दाखवायला देताना

स्टुडिओकडे पाठवताना एक सुंदर रेंडर पुरत नाही. गेमच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्र, वायरफ्रेम, यूव्ही, सगळे मॅप आणि बॉडी अर्धी कापून बोल्ट, काडतूस, स्प्रिंग दाखवणारं एक चित्र द्या. त्या कापलेल्या चित्रावर मापं लिहा: मॅगझिन 166, खिडकी 62, चाल 70. पाठवण्याआधी 1080 रेझोल्यूशनवर, सगळ्यात खालच्या ग्राफिक्स सेटिंगला, साध्या लॅपटॉपवर दहा मिनिटं खेळून बघा. तिथे माशी पिक्सेलमध्ये विरघळत असेल तर ती 0.5 मिमी जाड करा आणि पुन्हा बेक करा.